आईंच्या थुंकीतले जंतू टीबीचे नाहीत, मग पुढे काय?

प्रश्न: आम्ही रावेर तालुक्यातले, केळी-कापसाचे शेतकरी. आई ६१ वर्षांची, वजन ४१ किलो. १२ वर्षांपूर्वी टीबी झाला होता, तेव्हा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला. आता दीड वर्षापासून खोकला, सकाळी पिवळा बेडका, थकवा. थुंकीत जंतू सापडले म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, पण सीबीनॅट दोन्ही वेळा ‘टीबी नाही’ असंच आलं. पाच महिने गोळ्या खाऊन फरक नाही. मधे दोनदा ॲझिथ्रोमायसिनचा पाच-पाच दिवसांचा कोर्स झाला, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. आता कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जंतू वाढवून केलेल्या तपासणीत) ‘एनटीएम, मायकोबॅक्टेरियम इंट्रासेल्युलारे’ आलंय. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या मधल्या आणि डाव्या फुप्फुसाच्या पुढच्या भागात ब्रॉन्किएक्टॅसिस (रुंदावलेल्या श्वासनळ्या), बारीक गाठी, पोकळी नाही. बीपीची आणि शुगरची गोळी चालू आहे. दीड वर्ष औषधं घ्यावी लागतील म्हणतात. घरात वहिनीचं चार महिन्यांचं बाळ आहे, म्हणून आईनं स्वतःच ताट-वाटी वेगळी केली आणि ओसरीवर झोपायला लागली. आम्ही काय करावं?

उत्तर:

भाऊ, आधी आईंना ओसरीवरून घरात घ्या. एनटीएम म्हणजे टीबी आणि कुष्ठरोगाचे जंतू सोडून त्याच कुळातले बाकीचे जंतू. त्यांच्या जवळपास २०० जाती आहेत आणि त्या माती, पाणी, नळाची पाइपलाइन, टाकीच्या तळाचा चिकट थर अशा ठिकाणी राहतात. इंट्रासेल्युलारे माणसाकडून माणसाला लागत नाही. तो आईंना घरातल्या कुणाकडून आला नाही आणि त्यांच्याकडून बाळाला जाणार नाही. ताट-वाटी वेगळी ठेवायची गरज नाही, नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही, वहिनींनी अंगावर पाजणं थांबवायचं नाही. आईंची नोंद टीबीची रुग्ण म्हणून झाली असेल आणि त्यामुळे घरच्यांना टीबी होऊ नये म्हणून गोळ्या सुरू केल्या असतील, तर हा कल्चर रिपोर्ट आरोग्य केंद्रात दाखवा आणि त्या पुढे चालू ठेवायच्या का ते विचारा.

घोटाळा कुठे झाला ते समजून घ्या, कारण तो पुन्हा होऊ शकतो. थुंकीची साधी तपासणी काचपट्टीवर रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली होते. टीबीचा जंतू त्यात लाल दांडीसारखा दिसतो आणि एनटीएमही हुबेहूब तसाच दिसतो. डोळ्यांनी फरक करता येत नाही. सीबीनॅट मात्र फक्त टीबीच्या जंतूचा जनुकीय तुकडा शोधतं. म्हणून पट्टीवर जंतू भरपूर आणि सीबीनॅट पुन्हा पुन्हा नकारार्थी अशी जोडी दिसली की एनटीएमची शंका घ्यायची आणि कल्चर लावायचं. आधी टीबी होऊन गेलेल्या माणसात ही शंका आणखी लवकर यायला हवी. जुन्या टीबीने फुप्फुसात व्रण राहतात, श्वासनळ्या रुंदावतात, त्यात कफ साचतो आणि एनटीएमला राहायला जागा मिळते. खोकला परतला म्हणजे टीबीच परतला, असं धरून पुन्हा त्याच गोळ्या सुरू होतात. आपल्याकडे हे वारंवार घडतं.

पाच महिन्यांच्या गोळ्यांनी गुण का आला नाही, तेही सांगतो. त्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड यांचा या जंतूवर जवळजवळ परिणाम नाही. रिफाम्पिसिन आणि इथॅम्बुटॉल उपयोगी आहेत, पण जोडीदार म्हणून. या आजाराचं मुख्य औषध ॲझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन, आणि टीबीच्या पाकिटात ते नसतं. तरी गोळ्या स्वतःहून बंद करू नका. टीबी आणि एनटीएम क्वचित एकाच माणसात असतात, म्हणून कल्चरमध्ये टीबीचा जंतू वाढलेला नाही ना याची खात्री डॉक्टरांनी करायला हवी. याच आठवड्यात छातीविकारतज्ज्ञांकडे जा. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात क्षय व उरोरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवा. पाकीट थांबवायचं की नाही, हा पहिला प्रश्न तिथे विचारा.

दीड वर्षाचा उपचार आजच सुरू करायचा का? आमचं मत: अजून एक पुरावा हातात येऊ द्या. हे जंतू पाण्यात आणि मातीत सगळीकडे असल्यामुळे एखाद्या नमुन्यात ते नुसते येऊन पडलेले असू शकतात. म्हणून २००७ पासून जगभर वापरात असलेला आणि २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात कायम ठेवलेला निकष असा आहे: त्रास हवा, सीटीमध्ये तशा खुणा हव्यात, दुसरा आजार नाही याची खात्री हवी, आणि थुंकीच्या किमान दोन वेगवेगळ्या नमुन्यांत एकच जात वाढलेली हवी. दुर्बिणीने श्वासनळी धुऊन घेतलेला नमुना असेल तर एक पुरतो. आईंचा त्रास आहे, सीटी अगदी या आजाराची आहे, पण तुम्ही लिहिलं त्यावरून कल्चर एकच आलंय. दुसऱ्यातही हाच जंतू वाढला की निदान पूर्ण होईल. पट्टीवर जंतू दिसत असल्यामुळे त्यानंतर मात्र वाट पाहत बसू नये, असं आम्हाला ठामपणे वाटतं. पट्टी नकारार्थी, त्रास थोडा आणि वजन टिकून असतं, तर दर काही महिन्यांनी थुंकी आणि सीटी बघत थांबता आलं असतं.

नमुना कसा देता यावर बरंच अवलंबून आहे. तीन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी उठल्याबरोबर, काही खाण्यापिण्याआधी. चूळ भरायची ती उकळून गार केलेल्या पाण्याने; नळाच्या पाण्यातलेच एनटीएम नमुन्यात मिसळले तर रिपोर्ट फसवा येतो. छातीतून खोल खोकून आलेला बेडका हवा, लाळ नको. ३ ते ५ मिली, म्हणजे साधारण एक चमचाभर. डबी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुकच हवी, घरातली धुतलेली बाटली चालत नाही. त्याच दिवशी पोहोचवता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, आणि २४ तासांत बर्फाच्या डब्यातून न्या. रावेर-जळगावच्या ४४-४५ अंशांच्या उन्हात एसटीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत दोन तास राहिलेल्या नमुन्यात दुसरेच जंतू माजतात आणि कल्चर ‘दूषित’ म्हणून फुकट जातं. चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं अर्जावर लिहा, कारण रिफाम्पिसिनमुळे जंतूची वाढ दबू शकते. द्रव माध्यमातलं कल्चर नकारार्थी ठरवायला ४२ दिवस लागतात, तेवढा धीर धरावा लागेल.

जंतूचं पूर्ण नाव रिपोर्टवर आहे ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट. टीबीच्या प्रयोगशाळेत बहुतेकदा ‘एनटीएम’ एवढंच लिहून विषय संपतो आणि त्यावर उपचार ठरवता येत नाही. त्याऐवजी एनटीएमच्या दुसऱ्या जातींपैकी कॅन्ससाय निघाला असता तर रिफाम्पिसिन, इथॅम्बुटॉल आणि आयसोनियाझिड किंवा ॲझिथ्रोमायसिन यांवर वर्षभरात काम झालं असतं. ॲब्सेसस निघाला असता तर टीबीचं एकही नेहमीचं औषध चाललं नसतं. शिरेतून अमिकॅसिन, इमिपेनेम अशी इंजेक्शनं आठवडेच्या आठवडे द्यावी लागली असती. आणि गोर्डोनी एकदाच आला असता तर पाण्यातून आला समजून बहुधा सोडून देता आलं असतं. इंट्रासेल्युलारे हा एव्हियम गटातला, खरा आजार करणारा जंतू आहे, आणि त्याच्यावर औषध आहे.

दुसरं कल्चर आलं की त्याच जंतूवर क्लॅरिथ्रोमायसिनची संवेदनशीलता तपासायला सांगा. त्यावरून ॲझिथ्रोमायसिनचंही कळतं. रिपोर्टवरचा एमआयसी आकडा (जंतूची वाढ रोखायला लागणारं औषधाचं प्रमाण) ८ किंवा कमी असेल तर औषध चालेल, ३२ किंवा जास्त असेल तर जंतू दाद देत नाही. ही तपासणी बहुधा पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत जाईल, पण तिच्यावाचून पुढे जाऊ नये. अमिकॅसिनचीही सोबत करून घेतलेली बरी. उलट, त्याच कागदावर रिफाम्पिसिन किंवा इथॅम्बुटॉलपुढे ‘रेझिस्टंट’ लिहून आलं तर घाबरू नका. या गटात त्या दोन आकड्यांचा प्रत्यक्ष गुणाशी मेळ बसत नाही.

आता ॲझिथ्रोमायसिनच्या त्या दोन कोर्सबद्दल. पुन्हा असा कोर्स कुणीही लिहून दिला तरी आधी तज्ज्ञांना विचारा. फुप्फुसात कोट्यवधी जंतू असतात, त्यातले मोजके जन्मतःच या औषधाला दाद न देणारे असतात. औषध एकटंच दिलं तर बाकीचे मरतात आणि तेवढे उरून वाढतात. एकदा असं झालं की बरं होण्याची शक्यता फार घटते. पाच-पाच दिवसांच्या दोन कोर्सनी तसं झालंच असेल असं नाही, पण तपासूनच पुढे जायचं. उपचार चालू असतानाही बाकीच्या गोळ्या सोसत नाहीत म्हणून ॲझिथ्रोमायसिन तेवढं चालू ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. बंद करायची वेळ आलीच तर तिन्ही बंद करा आणि दवाखाना गाठा.

पोकळी नसलेल्या, बारीक गाठी आणि रुंदावलेल्या नळ्या अशा प्रकारात तीन औषधं आठवड्यातून तीनदा देतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार ठरवले की विसर पडत नाही. ॲझिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ, रिफाम्पिसिन ६०० मिग्रॅ आणि इथॅम्बुटॉल किलोमागे २५ मिग्रॅ, म्हणजे आईंना सुमारे १००० मिग्रॅ. इतक्या कमी वजनात डॉक्टर रिफाम्पिसिन ४५० ठरवू शकतात. अंतिम मात्रा त्यांचीच. पोकळी असती किंवा ब्रॉन्किएक्टॅसिस फार पसरलेला असता तर औषधं रोज दिली असती, तेव्हा इथॅम्बुटॉल किलोमागे १५ मिग्रॅ असतं, आणि पहिले दोन-तीन महिने अमिकॅसिनचं इंजेक्शनही. या गोळ्या सुट्या घ्याव्या लागतात. टीबीच्या एकत्रित गोळीत आयसोनियाझिड असतं, म्हणून उरलेली पाकिटं वापरून काटकसर करू नका.

रिफाम्पिसिन उपाशीपोटी, नाश्त्याच्या तासभर आधी. ॲझिथ्रोमायसिनने मळमळत असेल तर ते जेवणानंतर दिलं तरी चालतं. लघवी आणि घाम नारिंगी होईल, त्याची भीती नको. भीती दुसऱ्या गोष्टीची आहे, आणि ती तुमच्या पत्रातच दिसली. रिफाम्पिसिनमुळे यकृत इतर औषधं भराभर संपवतं. बीपीची ॲम्लोडिपिन आणि शुगरची ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्यांचा जोर कमी होतो. आईंची शुगर आणि बीपी या पाच महिन्यांत वर राहत असेल तर हे कारण असू शकतं. औषध सुरू झाल्यावर पहिला महिनाभर आठवड्यातून दोनदा दोन्ही मोजा आणि मात्रा डॉक्टरांकडून जुळवून घ्या. उलटी बाजू लक्षात ठेवा: पुढे कधी रिफाम्पिसिन बंद झालं की दोन आठवड्यांत त्या गोळ्यांचा जोर परत येतो आणि वाढवलेली मात्रा तशीच राहिली तर शुगर एकदम खाली जाते. गोळ्या बंद केल्यानंतर घाम, थरथर, गोंधळ असं काही झालं तर आधी साखर द्या आणि शुगर तपासा.

सुरुवातीलाच रक्ताची तपासणी, यकृत आणि मूत्रपिंडाची चाचणी, एचआयव्ही, ईसीजी, ऐकू येण्याची आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या. ॲझिथ्रोमायसिनने काही जणांत हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते, ईसीजी त्यासाठी. डोळ्यांचं जास्त मनावर घ्या. इथॅम्बुटॉलने दृष्टीची नस सुजू शकते आणि पहिली खूण बहुधा रंगांची असते. मात्रा मूत्रपिंडाच्या कामावरही अवलंबून असते, आणि शुगर असलेल्यांचं मूत्रपिंड तपासल्याशिवाय धरून चालता येत नाही. घरी महिन्यातून एकदा एकेक डोळा झाकून आईंना कॅलेंडरवरचे लाल आकडे आणि बारीक अक्षरं वाचायला लावा. एका डोळ्याने लाल फिका दिसला किंवा अक्षरं पुसट झाली, तर त्याच दिवशी गोळ्या थांबवून डॉक्टरांना फोन करा. लवकर थांबवलं तर नजर बहुतेकदा परत येते, रेटून चालू ठेवलं तर येत नाही. डोळे पिवळे होणं, जेवणावरची वासना उडणं, सतत उलट्या, कानात घूं घूं, यांवरही हाच नियम.

गोळ्यांइतकंच महत्त्वाचं काम घरात रोज दोनदा करायचं आहे आणि ते बहुतेक घरांत कुणी सांगितलेलंच नसतं: साचलेला कफ बाहेर काढणं. रुंदावलेली नळी म्हणजे उतार बिघडलेली चारी, पाणी आपोआप वाहून जात नाही. सकाळी उपाशीपोटी आणि संध्याकाळी जेवणाआधी, १५-२० मिनिटं. आधी मिनिटभर शांत श्वास. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक दोन-तीन सेकंद धरून सावकाश सोडायचा. पुन्हा शांत श्वास. मग मध्यम श्वास घेऊन तोंड आणि गळा उघडा ठेवून ‘हाऽऽ’ असा जोराने सोडायचा, आरशावर वाफ धरतो तसा, एकदा-दोनदा. कफ वर आला की खोकून थुंकायचा. हे चक्र चार-पाच वेळा. उजव्या मधल्या भागासाठी डाव्या कुशीवर, पाठीमागे उशी देऊन थोडं मागे झुकून झोपायचं. डाव्या भागासाठी उजव्या कुशीवर तसंच. डोकं खाली आणि पाय वर असं करू नका; त्याने पित्त उलटं वर येतं आणि ते श्वासनळीत उतरलं तर हाच आजार बळावतो. त्याच कारणाने रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी आणि खाटेची डोक्याकडची बाजू वीतभर उंच.

कफ घट्ट असेल तर डॉक्टर ३ टक्के मिठाच्या निर्जंतुक पाण्याचं नेब्युलायझर सुचवू शकतात. पहिला डोस दवाखान्यातच घ्या, काहींचा दम त्याने अडकतो. म्हणून आधी श्वासनळी मोकळी करणारं औषध देतात. यंत्रात नळाचं किंवा आरओचं पाणी कधीच घालू नका. मास्क, कप, नळीचे सुटे भाग रोज साबणाने धुऊन १० मिनिटं उकळा आणि स्वच्छ फडक्यावर कोरडे होऊ द्या. ज्या जंतूवर औषध चालू आहे तोच ओल्या कपातून रोज फुप्फुसात ओतला जाताना दिसतो, तेव्हा फार वाईट वाटतं, कारण हे सहज टाळता येतं.

पाण्याचं बाकीही बघा. हे जंतू क्लोरिनला पाण्यातल्या नेहमीच्या जंतूंपेक्षा जास्त चिवट आहेत, ब्लीचिंग टाकलं म्हणजे टाकी स्वच्छ झाली असं नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात टाक्यांत साठा करावाच लागतो. टाकी रिकामी करून तळ घासा आणि उन्हात वाळवा. शॉवर असेल तर आईंनी वापरू नये, बारीक तुषार छातीत जातात. बादली-तांब्याची अंघोळ चांगली, न्हाणीची खिडकी उघडी ठेवून. पाणी बंबात चांगलं तापवून मग गार पाणी मिसळा. चैत्र-वैशाखात कूलर बंद करा असं खान्देशात कुणाला सांगणं शक्य नाही. तो खोलीबाहेर, खिडकीला बसवा, वारा थेट आईंच्या तोंडावर नको, आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करा, हंगाम संपला की जुनं गवत फेकून द्या. शेतात आईंनी खत-माती कालवणं, मळणी, वाळलेल्या केळीच्या पाल्याची धूळ यापासून लांब राहावं; जावंच लागलं तर नाकाला घट्ट बसणारा एन-९५, उपरणं पुरत नाही.

४१ किलो हे वजन आजाराच्या बाजूचं आहे. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन लिहा. वरण-बट्टीवर तूप, कळण्याच्या भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, दोन अंडी चालत असतील तर रोज. शुगर आहे म्हणून केळी आणि गूळ बेताने, पण पोट कमी भरून शुगर सांभाळायची नाही.

दीड वर्ष हा आकडा तुम्हाला कुठून आला ते असं: औषध सुरू झाल्यावर दर एक-दोन महिन्यांनी थुंकी कल्चरला जाते. सलग तीन नकारार्थी आले, किमान चार-चार आठवड्यांच्या अंतराने, की त्यातल्या पहिल्याच्या तारखेपासून पुढे १२ महिने मोजायचे. थुंकी तिसऱ्या महिन्यात स्वच्छ झाली तर १५ महिने, सहाव्या महिन्यात झाली तर दीड वर्ष. खोकला आठवड्यांत कमी होऊ शकतो. तेव्हा औषध सोडलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. सहा महिन्यांनंतरही कल्चरमध्ये जंतू येतच राहिले तर संवेदनशीलता पुन्हा तपासून अमिकॅसिन जोडण्याचा विचार होतो. आणि हेही आधीच माहीत असावं: पूर्ण बरं झाल्यावर काही जणांत तो परत येतो, पुष्कळदा नवा जंतू पाण्या-मातीतून नव्याने आलेला असतो. त्याचा अर्थ आईंनी काही चुकवलं असा नाही. म्हणून कफ काढण्याचा व्यायाम औषधं संपल्यावरही चालू ठेवायचा.

बेडक्यात रक्ताची रेघ दिसली तर दोन दिवसांत दाखवा. कपभर रक्त आलं, किंवा श्वास घेता येईनासा झाला, तर थेट मोठं रुग्णालय गाठा. गावात थांबू नका.

जाताना बरोबर न्या: सीटीच्या फिल्म आणि सीडी दोन्ही, १२ वर्षांपूर्वीचा टीबीचा कागद सापडला तर तो, पाच महिन्यांच्या गोळ्यांचं कार्ड, दोन्ही सीबीनॅट, कल्चरचा मूळ रिपोर्ट, आणि प्रत्येक कोर्स कधी झाला ते एका पानावर. प्रयोगशाळेला फोन करून वाढलेला जंतू जपून ठेवायला आजच सांगा. तो टाकून दिला गेला नसेल, तर संवेदनशीलतेची तपासणी दुसऱ्या कल्चरची वाट न पाहता त्याच्यावरच लावता येईल.